सावडीचं विमान

मुठ्याला असताना माझं स्वतःचं विमान होतं, असं मी सांगितलं की पुण्यातली माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग खात्री करून घ्यायला माझ्या बायकोकडे बघतात. ती नेमकी त्याच वेळी चहा टाकायला उठते. त्यामुळे ही हकिगत मला नेहमी एकट्यालाच रेटावी लागते. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद तरी मधेच उठून जात नाही.

विमान म्हणजे तुम्हाला वाटतं तसलं नव्हे. चाळीस माणसं, हवाईसुंदरी, गोळ्यांचं तबक, तसलं त्यात काही नव्हतं. एका माणसाचं विमान ते. एकच सीट, लाकडाचा सांगाडा, सांगाड्यावर कापड आणि पुढे फटफटीचं इंजिन. विलायतेत म्हणे कारकून, न्हावी, पेन्शनर असली विमानं घरामागच्या पडवीत बनवतात आणि रविवारी हवा खाऊन येतात. मी तर सुतारकामाचा शिक्षक. मुळशी तालुक्यातल्या मुठा गावच्या जीवन शिक्षण मंदिरात मूलोद्योग शिकवत होतो. मूलोद्योग म्हणजे पाट. सात वर्षांत वर्गानं इतके पाट केले होते, की गावात बसणाऱ्यांपेक्षा पाट जास्त झाले होते. लग्नाला आहेर पाट, मुंजीला पाट, बदली झालेल्या तलाठ्याला निरोपाचा पाट. माणसानं आयुष्यात किती पाट करायचे याला काही सीमा असावी.

आता मनातलं सांगतो. मला एकदा जमिनीवरून वर जायचं होतं. फार नाही, शाळेपुढच्या पिंपळाच्या शेंड्याइतकं. विसाव्या वर्षी मी विमानदलात भरती व्हायला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बत्ती मारली आणि 'नेक्स्ट' म्हणाले. माझा आणि आकाशाचा संबंध तेवढाच. चाळिशी उलटली तरी तो 'नेक्स्ट' माझ्या कानातून गेला नव्हता.

पानशेत फुटून पुण्यात पूर आला, त्याच्या पुढच्या वर्षी जुन्या बाजारात भिजलेल्या पुस्तकांचे ढीगच्या ढीग पडले होते. त्यात मला एक विलायती पुस्तिका सापडली. आपलं विमान आपणच कसं बनवावं, याचे नकाशे, मापं, सूचना, सगळं त्यात होतं. शेवटची चार पानं तेवढी गाळानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. म्हटलं, शेवटी काय असणार, जाहिराती असतील.

घरी आलो आणि पुस्तिका बायकोपुढे ठेवली. माझी बायको द्वारका. पुण्यातली मॅट्रिक. इंग्रजीत तिला माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त होते, आणि हे तिच्या माहेरच्या प्रत्येक माणसानं मला स्वतंत्रपणे सांगितलेलं आहे. तिनं नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"अहो, यात सीट एकच आहे."

"एका माणसाचंच विमान आहे ते."

"हो, पण मग मी कुठे बसायचं?"

"अगं, तू खालून बघायचं."

ती यावर काही बोलली नाही. पुस्तिका मिटून तिनं माझ्या हातात दिली आणि आत गेली. बारा वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलो होतो, की ती काही बोलली नाही म्हणजे विषय मिटला. माझं शिक्षण किती कच्चं होतं, ते पुढे कळलंच.

विमान एकट्यानं करायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. शाळेच्या मागच्या पडवीत दिवाळीच्या सुट्टीत मी पंखाची पहिली फासळी कापायला घेतली. दहा मिनिटांत कोंडाजी सुतार येऊन उभा. तंबाखू मळत बराच वेळ बघत राहिला.

"मास्तर, पाळणा हाय व्हय ह्यो?" असं म्हणून त्यानं एकदा आमच्या घराकडे नजर टाकली.

"पाळणा कसला? विमान आहे."

"आस्सं, इमान हाय. मंग ह्यो सांदा कच्चा हाय." आणि त्यानं माझ्या हातातली करवत काढून घेतली.

आता सुतारकामाचा शिक्षक मी. सरकारमान्य. माझ्याकडे पदविकेचं प्रमाणपत्र आहे, त्यावर सही-शिक्का आहे. पण त्या माणसानं अर्ध्या तासात चार फासळ्या उतरवल्या, आणि त्या चारही एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. माझी एकच होती, तरी ती कशाशीच जुळत नव्हती. मी मोठ्या मनानं ती चुलीसाठी घरी दिली.

आठवड्याभरात अख्खं गाव पडवीत. प्रत्येकाचं एक मत होतं. कुणी म्हणे शेपूट आखूड झालं, कुणी म्हणे तोंड बैलासारखं नको, घोड्यासारखं करा. सरपंच हैबतराव आले, तेव्हा मी जरा सावरून उभा राहिलो. ते गावातले मोठे जमीनदार, आणि विमान पळवायला लागणारा सपाट माळ त्यांचाच होता.

"मास्तर," हैबतराव म्हणाले, "ह्ये एकल्यादुकल्याचं काम न्हाई. सावड धरा."

मुठा खोऱ्यात भातलावणीला अशी रीत आहे. आज दहा जणांनी गोजराबाईच्या खाचरात राबायचं, उद्या त्याच दहा जणांनी हैबतरावांच्या. मजुरी नाही, उपकारही नाही. दिवसाला दिवस. हीच सावड. घेतली की फेडावी लागते. हे सगळं मला माहीत होतं, मुलांना मी ते नागरिकशास्त्रात शिकवतही होतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्या शहरी डोक्याला वाटलं, सावड म्हणजे लोकांचं प्रेम. मी तोंड भरून म्हणालो, "धरली!"

त्यानंतर विमान भराभर वाढू लागलं. हैबतरावांनी सागाची दोन खांडं दिली. कोंडाजीनं पुढचा पंखा तासला. लोहारानं धावा ठोकाव्यात तसे कड्या-खिळे ठोकून दिले. लष्करी लिलावातल्या जुन्या फटफटीचं इंजिन गाडीत घालून आणायला चार माणसं गेली आणि सहा परत आली, दोघं वाटेत नुसती बघायला म्हणून चढली होती. द्वारकानं पंखांसाठी मांजरपाट शिवायला घेतला. शाळा सुटल्यावर मी घरी यायचो तेव्हा मशीन चालूच असायचं. शेवटची शिवण घालून तिनं दोरा तोडला आणि म्हणाली, "तेवीस दिवस झाले हं."

मला वाटलं, पाठ दुखते म्हणून सांगते आहे. मी म्हणालो, "जरा तेल लाव."

कापड ताणून बसावं म्हणून त्यावर कसलंसं रसायन लावा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. ते पुण्यात मिळेना. तेव्हा गोजराबाई धावून आली. ही आमच्या शेजारची. नवऱ्यामागं चार खाचरं एकटीनं करणारी बाई, आणि तिचा आवाज नदीपलीकडे पोचत असे.

"त्येला काय हुतंय? भाताची पेज लावा. धोतराला खळ देत न्हाई व्हय तुमी?"

लावली. पंख असे कडक झाले की टिचकी मारली तर टणटण वाजायचे. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेलो तर म्हसू धनगराची शेळी डाव्या पंखाचं टोक खाऊन रवंथ करत बसलेली. हातभर पंख गेला होता.

मी तिथल्या तिथे शेळी धरली आणि ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात नेली. माझा राग न्याय्य होता आणि कायदा माझ्या बाजूला होता. कोंडवाड्याच्या कारकुनानं छापील फॉर्म काढला.

"नुकसान झालेलं पीक?"

"विमान."

"तसलं पीक न्हाई यादीत. भात हाय, नाचणी हाय, वरई हाय. बोला."

मी अर्धा तास वाद घातला. शेवटी 'पांढरी वैरण, एक हात' अशी नोंद झाली आणि खाली माझी सही घेतली. तेवढ्यात म्हसू आला. तो रागावलेला नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं.

"मास्तर, पेज तुमी लावली. आता शेळीनं पेज खायची न्हाई, तर काय तुमी खायची?"

 शेळी सुटली. भरपाई म्हणून म्हसूनं एक दिवस नवं टोक बसवायला मदत केली, आणि जाताना बजावून गेला की शेळीचं पाप कोंडवाड्यात फिटलं, आजचा दिवस सावडीत धरा. मी धरला. नव्या कापडावर पेजेवरून व्हार्निशचा हात दिला, आणि शेळ्यांनी विमानाचा नाद सोडला.

सरकारी बाजूही मी कच्ची ठेवली नव्हती. पंचायतीत वाहन नोंदवायला गेलो. चाकं किती, दोन. मग ती बैलगाडी झाली. बैल किती, शून्य. पावतीवर तसंच लिहून मिळालं. शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले, तेव्हा पडवीत अर्धं विमान उभं होतं. साहेबांनी चष्मा पुसला, विमानाभोवती एक फेरी मारली, मला काहीही विचारलं नाही आणि शेरेबुकात लिहिलं, 'पाट वाजवीपेक्षा मोठे होत आहेत. लाकडाची बचत करावी.'

दिल्लीला अर्ज केला होता, त्याचं उत्तर चार महिन्यांनी आलं. विमानतळाचं नाव विचारलं होतं. मी कळवलं, हैबतरावांचा माळ. प्रवासी किती? मी कळवलं, माझ्याशिवाय कुणी नाही. त्यावर आणखी पाच महिन्यांनी पत्र आलं की सदर विमान जमिनीवर चालवून पाहण्यास हरकत नाही, उड्डाणाबाबत यथावकाश कळवण्यात येईल. ते यथावकाश अजून यायचं आहे. तेव्हा या पुढे जे काही घडलं ते सगळं, कागदोपत्री, जमिनीवरच घडलेलं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

विमान पुरं झालं आणि पहिला मुहूर्त दसऱ्याचा धरला. विमान माळावर नेलं. बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हैबतरावांना नारळ इंजिनावरच फोडायचा होता. मी त्यांचा हात धरला आणि बाजूचा धोंडा दाखवला. ते जरा नाराज झाले. मग मी सीटवर बसलो, पट्टा बांधला, आणि हैबतरावांनी माझ्या मांडीवर पितळेचा एक डबा ठेवला.

"कसब्यात आमची लेक असती. तिला तूप द्या."

"अहो, मी पुण्याला चाललो नाही. माळाभोवती एक चक्कर, बस्स."

"वर गेल्यावर पुनं काय लांब हाय?"

आमच्या गावातून पुण्याला निघालेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ शकत नाही. एस.टी.त बसेपर्यंत त्याच्या पिशवीत चार घरांच्या वस्तू येतातच, आणि नाही म्हणणारा माणूस पुन्हा त्या घरांचं पाणी पीत नाही. गोजराबाईनं भावासाठी पायलीभर तांदूळ पायांशी ठेवला. कोंडाजीनं कानशीला लावून आणायच्या दोन करवती पाठीमागे सरकवल्या. म्हसूनं बाजीराव रोडवरच्या कुणासाठी घोंगडी दिली. या सगळ्यांचे दिवस माझ्या अंगावर होते. कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? चालकाचं वजन एकशे चाळीस रत्तलांपेक्षा जास्त नसावं, असं पुस्तिकेत ठळक अक्षरात होतं. माझं एकट्याचंच एकशे अठ्ठावन्न होतं.

कोंडाजीनं पंखा फिरवला. इंजिन धडधडलं. मी इंजिनाचा दांडा पुढे लोटला आणि विमान सुटलं. माळ पळू लागला, माझा चष्मा पळू लागला, मी जिवाच्या आकांतानं विमान वर उचलायची काठी मागे ओढत होतो. अर्धा माळ झाला. पाऊण झाला. चाकं काही जमीन सोडेनात. माळ संपला तेव्हा करवंदीची जाळी आली, आणि आम्ही तिच्यात जाऊन थांबलो. मी, तूप, तांदूळ, घोंगडी आणि करवती.

लोक धावत आले. मला वाटलं, हसतील. हसले असते तर बरं झालं असतं. ते गंभीरपणे जाळीभोवती उभे राहिले. विमान सुटताना गोजराबाई त्याच्या मागेच उभी होती, तिच्या डोक्यावरचा पदर, केसांतला झेंडू, सगळं उडून गेलं होतं. ती म्हणाली, "उडत न्हाई. पर वारा मातूर झ्याक देतंय."

घरी आल्यावर द्वारका सुईनं माझ्या हातांतले काटे काढत बसली. मला रडू आलं. चाळिशी उलटलेल्या घोड्याला येऊ नये, पण आलं. तिनं आणखी एक काटा काढला. मग म्हणाली, "तुपाचा डबा तरी खाली ठेवायचा होतात."

त्यानंतर महिनाभर मी माळाकडे फिरकलो नाही. पोरांना पुन्हा पाट शिकवू लागलो. मार्गशीर्ष आला. भातं झोडून झाली, खळ्यावर राशी पडल्या, आणि वारा पडला. पानही हलेना. उफणणी करायची कशी? पाटी डोक्याइतकी उंच धरून भात सोडलं तर कोंडा सरळ भातावरच पडायचा. लोक खळ्यावर बसून आभाळाकडे बघू लागले. एके दिवशी हैबतराव आले आणि ओट्यावर टेकले.

"मास्तर, सावड फेडायची येळ आली."

"मला सांगा, कुठल्या दिवशी येऊ?" मी उत्साहानं म्हणालो. अपमान विसरायला अंगमेहनत चांगली.

"तुमी कशाला? इमान आना."

एकोणीस घरांची सावड माझ्यावर होती. प्रत्येकाचे दिवस गावाला तोंडपाठ होते, मलाच तेवढे नव्हते. विमान माळावरच्या खळ्यावर नेलं. शेपूट खळ्याकडे, तोंड मोकळ्या माळाकडे. हैबतरावांनी आपलं जाड चऱ्हाट आणलं आणि शेपूट आंब्याच्या खोडाला आवळून टाकलं. मी सीटवर बसायचं, कारण इंजिनाचा दांडा कमीजास्त करायला कुणीतरी हवं होतं.

पहिल्या दिवशी मी दांडा जरा जास्त लोटला. गोजराबाईचं भात कोंड्यासकट उडून शेजारच्या राशीवर जाऊन पडलं. कुठलं भात कुणाचं, यावर दुपारपर्यंत पंचायत बसली. त्या राशीची निम्मी उफणणी पुढे ढकलली आणि गोजराबाईला शेवटचा नंबर दिला. मग मला हात बसला. लोक तिवड्यावर, म्हणजे उंच तिपाईवर, उभे राहून पाटीतून भात सोडत, इंजिन मंद घुमे, कोंडा नीट एका बाजूला जाई. गाव मोठं खूश होतं. आणि मी? पंधरा दिवस मी विमानाच्या सीटवर बसून समोरच्या आभाळाकडे बघत होतो, आणि माझ्या पाठीमागे माणसं भात उफणत होती. ओळखीचे लोक जाता जाता विचारत, "काय मास्तर, कुठपर्यंत पोचला?" ज्याला स्वाभिमान म्हणतात, तो माझ्या बाबतीत त्या पंधरा दिवसांत कोंड्याबरोबर गेला.

सोळाव्या दिवशी गोजराबाईची उरलेली रास आली. शेवटचंच काम. दुपार होत आली होती, पेट्रोल टाकीच्या तळाशी गेलं होतं. तिवड्यावरून ती ओरडली, "मास्तर, जरा जोर करा की! भात हाय, अळवाचं पान न्हाई!" मी जोर केला. त्याच वेळी हैबतराव आले. त्यांना गाडी भरायची होती आणि गाडीला चऱ्हाट हवं होतं. चऱ्हाट त्यांचंच होतं. चाकांपुढे धोंडे असतीलच, अशा समजुतीनं त्यांनी गाठ सोडली. धोंडे म्हसूनं सकाळीच चहाच्या चुलीला नेले होते.

विमानानं हिसका दिला आणि निघालं. खरं सांगतो, दांडा माझ्या हातात होता. मागे ओढला असता तर दहा पावलांवर थांबलो असतो. नाही ओढला. उलट पुढे लोटला.

आज मांडीवर तूप नव्हतं. पायांशी तांदूळ नव्हता. सोळा दिवस कोंडा खाऊन मीही बराच उतरलो होतो. अर्ध्या माळावर चाकांची खडखड एकदम थांबली. मला वाटलं चाकं निखळली. खाली पाहिलं तर चाकं होती, माळच खाली गेला होता. आई शपथ सांगतो, मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. माळावरचा पळस खाली गेला. नदीचं वळण दिसलं. शाळेची कौलं दिसली, त्यातली फुटकी तीन कुठली तेही कळलं. शाळेच्या ओट्यावर द्वारका कपाळावर हात धरून उभी होती. मी तिला हात केला. डॉक्टर, नेक्स्ट!

आणि मग माझ्या ध्यानात आलं, की खाली कसं यायचं हे आपल्याला माहीत नाही. वर जाण्याचा विचार मी वीस वर्षं केला होता, उतरण्याचा एकदाही नाही. मी घाबरून इंजिन बंद केलं. विमानानं क्षणभर विचार केला आणि ते गोजराबाईच्या पेंढ्याच्या गंजीत शिरलं.

गंजीतून मी रांगत बाहेर आलो. कानात पेंढा, नाकात पेंढा. लोक धावत येत होते. मी उभा राहिलो, सदरा झटकला आणि जयजयकाराची वाट पाहू लागलो. सगळ्यांत पुढे गोजराबाई होती.

"मास्तर! निम्मी रास तशीच पडलीय माजी, आन तुमी फिराया निघाला? आज माजी पाळी न्हाई व्हय?"

हैबतराव म्हणाले, "जायचं हुतं तर सांगायचं. चऱ्हाट उद्या न्हेलं असतं." कोंडाजीनं माझ्याकडे बघितलंच नाही, तो विमानाखाली शिरून सांधे चाचपत होता. एक चाक तेवढं वाकलं होतं. "सांदा धरून हाय," तो आतून समाधानानं म्हणाला.

शेवटी द्वारका पोचली.  तिनं माझा दंड असा धरला, की दोन दिवस बोटं उमटलेली होती. "किती भ्याले मी! काही कळतं का तुम्हाला?" असं म्हणून ती चारचौघांत रडली. मग डोळे पुसले, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "पिंपळाच्या शेंड्याहून हातभर वर गेला होतात. बघितलं मी."

एवढ्यावर ही हकिगत संपवायची माझी फार इच्छा आहे. पण ती तिथे संपली नाही.

चाक दुरुस्त झालं, गोजराबाईची रास उफणून झाली. मी ओट्यावर बसून एकोणीस घरांची यादी काढली आणि शेवटच्या नावावर रेघ मारली. "फिटली सावड," मी म्हणालो. शेजारी हैबतराव बसले होते, त्यांनी मान डोलावली.

"एक घर राहिलं," द्वारका दारातून म्हणाली.

"कुणाचं?"

"आपलं, पळसुल्यांचं. तेवीस दिवस शिवलंय मी."

"अगं, पण आपल्याकडे रास कुठे आहे?"

"रास नाही. मला बसायचंय."

मी हसलो. ती हसली नाही. मी मदतीसाठी हैबतरावांकडे पाहिलं. त्यांनी पान लावता लावता सांगितलं, "मास्तर, सावड ती सावड."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव माळावर. द्वारकानं पदर खोचला आणि सीटवर बसली. मी तिला अर्धा तास समजावून सांगितलं. दांडा एवढाच लोटायचा, जमिनीवरूनच जायचं, पळसापाशी थांबायचं, परत यायचं. हैबतराव म्हणाले, कासरा ढिला सोडू नका. गोजराबाई म्हणाली, खाली बघू नका, चक्कर येती. म्हसूनंही काही सांगितलं. ती सगळ्यांना 'हो' म्हणाली. मग कोंडाजीला म्हणाली, "फिरवा पंखा."

तिचं वजन तेव्हा शहाण्णव रत्तल होतं. हे मी सांगतो आहे, तिनं सांगितलेलं नाही. विमानानं पाव माळसुद्धा घेतला नाही. पळस, पिंपळ, सगळं खाली टाकून ते नदीकडे निघालं. मी खालून धावत होतो आणि ओरडत होतो, "दांडा! अगं दांडा!"  आयुष्यात एवढा मी कधी भ्यालो नाही. नदीवर तिनं वळण घेतलं, शाळेवरून आली, माळाच्या टोकाशी हळूहळू खाली उतरू लागली. विमानाचं तोंड किंचित वर, आधी दोन चाकं टेकली, मग शेपूट. माझ्यापासून चार पावलांवर येऊन ती थांबली. सगळा माळ ओरडत होता. गोजराबाईनं फेटा असता तर उडवला असता, तिनं म्हसूचा उडवला.

"तुला... उतरायला कुणी शिकवलं?" मी विचारलं. 

"शेवटची चार पानं. पेजेच्या वाफेवर धरून मी सुट्टी केली होती. 'उतरावे कसे', हेच होतं त्यात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला खालून बघायला सांगितलं होतंत."

मी तिला उतरवून घ्यायला हात पुढे केला. तिनं हात धरला नाही. केसांतला कोंडा झटकला, सीटच्या दोन्ही कडांवर हात ठेवले आणि समोर मोकळ्या माळाकडे बघू लागली.

"एकच सीट आहे ते बरंच आहे हो," ती म्हणाली. "शेजारी बसून कुणी शिकवत नाही."

आणि तिनं कोंडाजीला पुन्हा पंखा फिरवायला सांगितलं.